नागपूरहून लहान गावी आजच्या आज फुलं पाठवायची असतील तर

उमरेड, काटोल, सावनेर, रामटेक, भिवापूर, पवनी. नागपूरपासून तास-दोन तासांच्या अंतरावरच्या या गावांत सकाळी ठरवून संध्याकाळपर्यंत फुलं नक्की पोचवता येतात. मात्र धरमपेठेतून मनीषनगरला बुके पाठवण्याची रीत इथे चालत नाही. शहरात आपण आधी फोटो पाहतो, बुके पसंत करतो आणि मग पत्ता देतो. लहान गावासाठी हा क्रम उलटा करावा लागतो. आधी गाव पाहायचं, मग रस्ता आणि वेळ, मग त्या गावात आज कोणतं फूल मिळतंय ते, आणि बुके दिसायला कसा हवा हे सगळ्यात शेवटी. पहिल्यांदा पाठवणाऱ्यांची फसगत होते ती बहुतेक वेळा फोटोपासून सुरुवात केल्यामुळेच.

बुके बांधायचा कुठे?

तीन वाटा आहेत. त्याच गावातल्या हारवाल्याकडून करून घेणं ही पहिली. नागपुरात बांधून गाडीने किंवा जाणाऱ्या माणसाबरोबर पाठवणं ही दुसरी. नागपुरात बांधून बसच्या पार्सलने पाठवायचं आणि गावातल्या कोणी तरी ते स्टँडवरून उचलायचं, ही तिसरी.

जमत असेल तर पहिलीच वाट धरा. उमरेड नागपूरपासून सुमारे ४५ किलोमीटर. बर्डीहून दुचाकीवर निघालेल्या मुलाला दिघोरी ओलांडायलाच अर्धा तास लागतो. जाऊन-येऊन ९० किलोमीटर म्हणजे दोनेक लिटर पेट्रोल आणि एका माणसाचे तीन-साडेतीन तास. तुम्ही दिलेल्या पैशांतला मोठा वाटा असा रस्त्यावर खर्च होतो. तेवढ्याच पैशांत उमरेडमधला हारवाला भरगच्च फुलं देतो, आणि त्याच्याकडून घरापर्यंतचा रस्ता पाच-दहा मिनिटांचा असतो. फुलांना उन्हाचा आणि वाऱ्याचा मार बसत नाही. गावातला विक्रेता पत्ता शोधत फिरत नाही, हाही मोठा फायदा आहे.

दुसरी वाट घ्यायची ती गावात न मिळणारं फूल हवं असेल तेव्हा: ऑर्किड, लिली, कार्नेशन, अँथुरियम. किंवा कोणी ओळखीचं माणूस चारचाकीने त्या गावाला निघालंच असेल तेव्हा. दुचाकीवरून उघडा बुके ४०-५० किलोमीटर नेणं टाळाच. सतत अंगावर येणारा वारा पाकळ्यांतलं पाणी ओढून घेतो, आणि हे होऊ लागलं की देठांना गुंडाळलेलं ओलं फडकंसुद्धा पुरं पडत नाही. दुचाकीच न्यायची असेल तर बुके बंद खोक्यात हवा. आणखी एक गोष्ट: समृद्धी महामार्गावर दुचाकीला मनाई आहे. मोबाइलवरचा नकाशा चारचाकीचा वेळ दाखवत असेल, तर पुलगाव-आर्वीकडच्या गावांचा अंदाज साफ चुकतो. नकाशात दुचाकीचा पर्याय निवडूनच वेळ पाहा.

फुलं पाठवणारी संकेतस्थळं आणि अॅप यांच्याबद्दल एवढंच समजून घ्या की त्यातली बरीचशी फक्त ऑर्डर घेतात, बुके दुसराच कोणी तरी बांधतो. उमरेडचा ४४१२०३ किंवा काटोलचा ४४१३०२ हा पिनकोड टाकला की ‘सेवा उपलब्ध’ असं दिसू शकतं. पण पिनकोड पोस्टाच्या वाटपासाठी असतो. एकाच पिनकोडात गाव येतं आणि आजूबाजूची खेडीही येतात. शिवाय ‘उपलब्ध’ म्हणजे आजच मिळेल असंही नाही, कुरिअरने दोन-तीन दिवसांत खोकं येईल असाही त्याचा अर्थ असू शकतो. पैसे भरण्याआधी ग्राहक सेवेला फोन करा आणि तीन गोष्टी विचारा: बुके कोणत्या गावात बांधला जाणार, तिथून कोण घेऊन जाणार, आणि आज किती वाजेपर्यंत. तिन्हींची सरळ उत्तरं मिळाली नाहीत तर पुढे जाऊ नका.

गावातला हारवाला शोधणं

सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे गावात राहणारा कोणी तरी ओळखीचा माणूस. ज्यांना फुलं द्यायची त्यांना विचारता येत नाही, पण त्यांचे शेजारी, भाचे, शाळेतले जुने सहकारी यांच्यापैकी कोणाला तरी विचारता येतं. हारवाले सहसा बस स्टँडजवळ, मुख्य बाजारात आणि देवळाजवळ बसतात. रामटेकसारख्या ठिकाणी गडावर जाणाऱ्या भाविकांमुळे फुलांची विक्री कायमच असते.

हारवाला सापडला नाही तर दोन ठिकाणी विचारा. एक म्हणजे मंडप-डेकोरेशनवाले. लग्नाचं स्टेज आणि नवरदेवाची गाडी तेच सजवतात, त्यामुळे डच गुलाब आणि जरबेरा कुठून आणायचा ते त्यांना ठाऊक असतं. दुसरं, केकची दुकानं. आता बऱ्याच लहान गावांत केकवालेच सांगितल्यावर बुकेही करून देतात, आणि घरी पोचवायला त्यांच्याकडे मुलगा असतो.

इंटरनेटवर गावाचं नाव टाकून मिळालेल्या कुठल्याही क्रमांकावर विसंबून पैसे पाठवू नका. आधी फोनवर बोला. दुकान नेमकं कुठे आहे, समोर काय आहे, असं विचारा. खरा हारवाला एका वाक्यात सांगतो. बनावट माणूस लगेच पैशांकडे वळतो.

फोनवर पहिला प्रश्न ‘लाल गुलाबांचा बुके कितीला?’ हा नको. ‘भाऊ, आज तुमच्याकडे चांगला माल कोणता आहे?’ असं विचारा. या एका प्रश्नाने अर्धं काम होतं, कारण मग तो आहे त्यातलं उत्तम फूल सांगतो. नाही तर तुमच्या हट्टासाठी कालच्या गुलाबाच्या बाहेरच्या काळवंडलेल्या पाकळ्या काढून तोच बुक्यात बसवला जातो. मग विचारा: आजचा माल की कालचा? घरपोच द्यायला कोणी आहे का? किती वाजता?

लग्नतिथीच्या दिवशी गणित बदलतं. त्या दिवशी गावात फुलं भरपूर असतात, पण बांधायला हात मोकळे नसतात, म्हणून ऑर्डर आदल्या रात्री सांगून ठेवावी. तिथीच्या दुसऱ्या दिवशी उलटं असतं: माणसं मोकळी, पण माल उरलेला. त्या दिवशी झेंडू-शेवंतीवर भागवा, जरबेरा मागू नका.

कोणतं फूल कोणत्या रस्त्याला टिकतं

नागपूरचा घाऊक बाजार म्हणजे बर्डीच्या नेताजी मार्केटमधला फूलबाजार. झेंडू, शेवंतीसारखी सुटी फुलं आसपासच्या शेतांतून येतात; डच गुलाब, जरबेरा, कार्नेशन ही पॉलिहाऊसची फुलं लांबून, पुणे-नाशिक आणि बंगळूरकडून येतात. म्हणजे तुमच्या हाती पडण्याआधीच त्यांनी एक प्रवास केलेला असतो. डच गुलाबाची जुडी सहसा २० देठांची आणि जरबेऱ्याची १० देठांची. जुडी पूर्ण घेतली तर भाव बरा पडतो. बाजारात पहाटेपासून सकाळी नऊपर्यंत निवड चांगली असते, नंतर उरलेलं मिळतं.

गुलाब घ्यायचा तर अर्धा उमललेला. पाकळ्यांच्या खाली, देठाच्या वर जी गाठ असते तिथे दोन बोटांनी हलकं दाबून पाहा. घट्ट लागली तर फूल ताजं, मऊ लागली तर संध्याकाळपर्यंत मान टाकणार. एप्रिल-मे महिन्यांत, पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा, पूर्ण उमललेला गुलाब दुपारच्या प्रवासाला देऊच नये.

जरबेरा दिसायला देखणा, पण त्याचा देठ पोकळ आणि मान नाजूक. प्रत्येक फुलावर प्लास्टिकची टोपी असते. ती घरी पोचेपर्यंत काढू नका. देठाला तार किंवा स्ट्रॉचा आधार दिला आहे ना, ते पाहा. जरबेऱ्याचा देठ खोल पाण्यात सडतो, त्याला दोन-तीन इंच पाणी पुरतं.

ग्लॅडिओलसची गंमत वेगळी आहे. त्याच्या काड्या आडव्या ठेवल्या की शेंडे काही तासांत वरच्या बाजूला वळतात, आणि एकदा वाकलेला शेंडा परत सरळ होत नाही. त्यामुळे तो उभाच न्यायला हवा. आडव्या खोक्यात तो घालणार असाल तर दुसरं फूल निवडा.

लिली कळीतच पाठवा, एखादंच फूल उमललेलं असलं तरी चालतं. उमललेल्या फुलातले केशरी पराग कागदाने चिमटून काढून टाका, नाही तर कपड्यांवर डाग पडतात आणि ते जात नाहीत. ऑर्किड प्रवासाला दणकट; प्रत्येक काडीच्या टोकाला पाण्याची छोटी नळी असते, ती भरलेली आहे का ते तपासा. मात्र ऑर्किड आणि अँथुरियम ही उष्ण प्रदेशातली फुलं आहेत, त्यांना घरच्या फ्रिजची थंडी सोसत नाही, पाकळ्या काळ्या पडतात.

झेंडू आणि शेवंती ही आपल्याकडची सगळ्यात भरवशाची फुलं. त्यांना कमी लेखू नका. झेंडू पाण्याविना दिवसभर टिकतो, फक्त त्याला प्लास्टिकच्या पिशवीत कोंबायचं नाही. फुलं श्वास घेतात, त्यातून उष्णता निघते. ओली फुलं बंद पिशवीत ठासली की आतला ढीग गरम होतो आणि दोन तासांत मधली फुलं चिकट होऊन वास मारू लागतात. वेताची टोपली किंवा गोणपाट घ्या. शेवंतीत फुलाआधी पानं पिवळी पडतात, म्हणून ताजेपणा पानांवरून ओळखा. पिवळी-पांढरी शेवंती, मधे चार गुलाब आणि कडेला हिरवळ असा बुके गावातला हारवाला छान बांधतो आणि तो तीन-चार दिवस टिकतोही.

मोगऱ्याचे गजरे उन्हाळ्यात मिळतात. मोगरा कळीत तोडतात आणि तो संध्याकाळी उमलतो. संध्याकाळच्या कार्यक्रमाला सकाळचा कळ्यांचा गजरा पाठवलात तर वेळ बरोबर जुळते. गजऱ्यावर पाणी मारू नका, तपकिरी डाग पडतात. केळीच्या पानात किंवा ओल्या फडक्यात सैल गुंडाळा.

फुलांबरोबर फळांची टोपली पाठवायची असेल तर फळं कोणती ते बघून घ्या. केळी, आंबा, चिकू, सफरचंद पिकताना इथिलीन नावाचा वायू सोडतात. बंद गाडीत किंवा खोक्यात तो साठला की कार्नेशन आणि ऑर्किड वेळेआधी मिटतात. संत्र्याचा असा त्रास फारच कमी. आंबिया बहाराचं संत्रं दिवाळीच्या आगेमागे आणि मृगाचं फेब्रुवारी-मार्चमध्ये असतं, तेव्हा नागपूरहून पाठवायला याहून चांगली जोड नाही. फक्त एकही फळ बुरशी धरलेलं नको. सडकं संत्रं मात्र इथिलीन सोडतं.

वेळ उलटी मोजा

ज्या वेळेला फुलं हातात पडायला हवीत, तिथून मागे मोजत या. समजा उमरेडला संध्याकाळी पाचला वाढदिवस आहे आणि बुके नागपूरहून जाणार आहे. घर शोधायला आणि देवाणघेवाणीला अर्धा तास. रस्त्याला सव्वा तास. वाटेत फाटक, गर्दी, पंक्चर यांसाठी पाऊण तास. बांधायला आणि पॅकिंगला पाऊण तास. एकूण सव्वातीन तास झाले. म्हणजे पावणेदोनला काम सुरू व्हायला हवं. पण त्याआधी देठांना किमान दोन तास पाणी प्यायला मिळालं पाहिजे, म्हणजे फुलं साडेअकराच्या सुमारास बादलीत हवीत, आणि ऑर्डर सकाळी दहापर्यंत. दुपारी एकला ठरवलं तर नागपूरचा नाद सोडा आणि थेट उमरेडच्या हारवाल्याला फोन लावा.

मार्चच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच या वेळेत फुलं रस्त्यावर नसलेली बरी. एक तर सकाळी आठला निघून दहापर्यंत पोचवा, नाही तर पाचनंतर. उन्हाळ्यात दुपारी एक ते चार लोक दार लावून झोपतात, आणि कूलरच्या आवाजात बेल काय, दार ठोठावलेलंही ऐकू येत नाही. मुलगा दारात उभा राहतो, फुलं उन्हात.

काही दिवस आधीच लक्षात ठेवा. दसऱ्याला झेंडूचे भाव चढलेले असतात आणि दीक्षाभूमीला येणाऱ्या जनसागरामुळे शहरातले बरेच रस्ते वळवलेले असतात. रामनवमीला पोद्दारेश्वर राम मंदिराच्या शोभायात्रेमुळे मध्य नागपुरातून बाहेर पडणं अवघड होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक इतवारी-महाल भागात असते. त्या बाजूने गाडी घालू नका. महालक्ष्म्या, गणपती आणि १४ फेब्रुवारी या दिवसांची ऑर्डर आदल्या दिवशीच द्यायची. पितृपक्षात लग्नं नसतात, फुलांची मागणी उतरते, तेव्हा कमी पैशांत चांगला माल मिळतो. जुलै-ऑगस्टमध्ये जोराच्या पावसाने नाल्यांवरचे पूल पाण्याखाली जातात, म्हणून निघण्याआधी गावात फोन करून रस्ता सुरू आहे ना ते विचारा.

नागपूरहून पाठवणार असाल तर बांधणी

फुलं आणल्यावर खालची पानं काढा. पाण्यात बुडणारं पान सडतं आणि पाणी घाण करतं. धारदार सुरीने देठ तिरका, इंचभर कापा. कात्रीने नको, कात्रीत देठ चेपतो. जमल्यास कापताना टोक पाण्यातच ठेवा. हवेत कापलं की देठाच्या नळ्यांत हवा शिरते आणि पाणी वर चढत नाही. ताज्या गुलाबाची मान अचानक पडते त्यामागे बहुधा हेच असतं. मग सावलीत दोन तास स्वच्छ पाण्यात उभे ठेवा.

हातात धरायच्या बुक्यासाठी देठांच्या टोकांना ओला कापूस गुंडाळा, त्यावर छोटी प्लास्टिक पिशवी आणि रबरबँड. कापूस चिंब हवा, पण ठिबकणारा नको. हे दोन-तीन तास पुरतं.

टोपलीतली मांडणी करायची असेल तर हिरवा फोम लागतो. तो पाण्यावर नुसता ठेवायचा आणि आपोआप बुडू द्यायचा, मिनिट-दोन मिनिटं लागतात. घाईत हाताने दाबून बुडवला तर बाहेरून ओला दिसतो, पण मधे कोरडा गोळा राहतो आणि तिथे खोचलेली फुलं सगळ्यात आधी सुकतात. फोमची पूर्ण वीट दोनेक लिटर पाणी शोषते, म्हणजे तेवढंच वजन वाढतं. एकदा खोचलेला देठ काढून पुन्हा त्याच भोकात खोचू नका, खाली हवा राहते. प्रवासाच्या टोपलीत फोम टोपलीला टेपने आडवा-उभा बांधायला विसरू नका. खड्ड्यात टोपली उडाली की फोम जागचा हलतो आणि पाणी खाली सांडतं.

वरून लावलेला पारदर्शक कागद फोटोत छान दिसतो, पण उन्हात आत भट्टी होते. प्रवासापुरता तो वरून उघडा ठेवा किंवा सुईने आठ-दहा भोकं पाडा. साधा वर्तमानपत्राचा शंकू त्यापेक्षा चांगला. रंगीत क्रेप कागद ओल्या देठांपासून दूर ठेवा, रंग उतरतो.

पाकळ्यांवर पाणी शिंपडायचा मोह सगळ्यांना होतो. बंद खोक्यात तेच थेंब डाग पाडतात. पाणी देठाला द्या, फुलाला नाही.

उन्हाळ्यात खोक्यात थंडावा हवा असेल तर अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली आदल्या रात्री गोठवा, वर्तमानपत्राच्या चार थरांत गुंडाळा आणि खोक्याच्या कोपऱ्यात दोरीने बांधून टाका. बर्फ फुलाला लागला की तिथली पाकळी भाजल्यासारखी होते. खोक्याच्या वरच्या बाजूला बोटाएवढी चार-सहा भोकं, बाजूंवर ‘ही बाजू वर’ असं मोठ्या अक्षरांत, आणि प्राप्तकर्त्याचं नाव व दोन फोन क्रमांक.

गाडीत बुके डिकीत ठेवू नका. मागच्या सीटखाली, पायांजवळ, सावलीत ठेवा; एसी चालू हवा पण त्याचा झोत थेट फुलांवर नको. वाटेत चहाला थांबलात तर फुलं बंद गाडीत सोडू नका. मेच्या उन्हात पंधरा मिनिटांत आतली हवा फुलांना सोसण्यापलीकडे जाते.

बसच्या पार्सलबद्दल

एसटीने पाठवायचं तर गणेशपेठच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून पार्सल रीतसर नोंदवा आणि पावती घ्या. जवळच्या गावांच्या काही गाड्या बर्डीच्या मोरभवनातून सुटतात, त्यामुळे तुमच्या गावाची गाडी कुठून आणि किती वाजता आहे ते आधी विचारा. पार्सल त्याच गाडीने जाईल की पुढच्या, हेही तिथेच स्पष्ट करून घ्या. ‘आज’ आणि ‘पुढच्या गाडीने’ यांत फुलांचा जीव अडकलेला असतो. परस्पर ड्रायव्हर-कंडक्टरच्या हाती दिलेल्या पुडक्याची ना पावती, ना जबाबदारी. खासगी ट्रॅव्हल्सवालेही पार्सल घेतात. तिथे गाडीचा क्रमांक आणि चालकाचा फोन लिहून घ्या.

बसने झेंडू, शेवंती, कार्नेशन, खोक्यात नीट बांधलेला गुलाब जातो. लिली, जरबेरा आणि फोमची टोपली जात नाही. आणि स्टँडवर वेळेवर उभा राहणारा माणूस नक्की असल्याशिवाय पार्सल करूच नका.

पत्ता, फोन, चिठ्ठी

लहान गावात घर क्रमांकाने काही कळत नाही. वॉर्ड किंवा पुरा, जवळचं देऊळ, शाळा किंवा दवाखाना, आणि घर गावात कोणाच्या नावाने ओळखलं जातं ते लिहा. ‘पोस्ट ऑफिसच्या मागची गल्ली, देशमुख गुरुजींचं घर, हिरवं फाटक’ हा पूर्ण पत्ता आहे. मोबाइलवरचं ठिकाण पाठवत असाल तर ते त्या घरातून कोणी पाठवलेलं असावं; नकाशावर अंदाजाने टोचलेली खूण शेजारच्या ले-आउटमध्ये नेऊन सोडते. फोन क्रमांक दोन द्या: एक ज्यांना फुलं द्यायची त्यांचा, दुसरा घरातल्या तरुण माणसाचा किंवा शेजाऱ्याचा. अचानक भेट द्यायची असेल तर दुसऱ्या क्रमांकावर आधीच सांगून ठेवा आणि पोचवणाऱ्यालाही बजावा की पहिला फोन तिथेच करायचा.

हारवाल्याला सगळं एकाच लेखी संदेशात पाठवा, फोनवरचं अर्धं विसरलं जातं. उदाहरणार्थ:

‘भाऊ, आज सायंकाळी ५ च्या आत. पिवळी-पांढरी शेवंती आणि ६ लाल गुलाब असा बुके. शेवंती नसेल तर निशिगंध चालेल, जरबेरा नको. पारदर्शक कागद कमी. चिठ्ठीवर: आईला, पंचाहत्तरीच्या शुभेच्छा. सुनील, मेघा आणि मुलं. निघण्याआधी बुक्याचा फोटो पाठवा. घरी गेल्यावर आधी दुसऱ्या नंबरवर फोन करा.’

‘हे नसेल तर ते’ हे वाक्य महत्त्वाचं आहे. ते नसलं तर हारवाला दुपारी तुम्हाला फोन करतो, तुम्ही मीटिंगमध्ये असता, आणि तास जातो. फुलाचं नाव धरून बसण्यापेक्षा रंग सांगितलेला बरा.

चिठ्ठीचा मजकूर देवनागरीत टाइप करून पाठवा. रोमन अक्षरांत पाठवलेलं नाव वाचताना ‘मेघा’ची ‘मेगा’ होते. लिहायला साधं बॉलपेन; जेलपेनची शाई ओल्या हाताने पसरते. पाठवणाऱ्याचं नाव पूर्ण घाला. पंचाहत्तरीच्या घरात दिवसभरात दहा बुके आलेले असतात, आणि बिननावाचा बुके कोणाचा हे मग कोणालाच सांगता येत नाही.

पैसे यूपीआयने देताना पडद्यावर दिसणारं नाव दुकानदाराला वाचून दाखवा आणि मगच पाठवा. नव्या ओळखीत अर्धे आधी, अर्धे बुक्याचा फोटो आल्यावर, असं ठरवा; बहुतेक हारवाल्यांना ते मान्य असतं. पैसे परत घेण्यासाठी कोणी पिन टाकायला सांगितलं तर तो फसवणारा आहे. पैसे येण्यासाठी पिन लागत नाही. पोचवणाऱ्या मुलाची मजुरी वेगळी विचारून द्या, ती बुक्याच्या किमतीत कापायला लावू नका.

दुःखाचा प्रसंग असेल तर

इथे वेळ फार थोडा असतो. सकाळी कळलं तर दुपारपर्यंत अंत्ययात्रा निघालेली असू शकते. नागपूरहून काही पाठवण्याच्या भानगडीत पडू नका. गावातल्या हारवाल्याला फोन करून मोठा हार किंवा पुष्पचक्र आणि दोन किलो सुटी फुलं सांगा, आणि अंत्ययात्रा घरून किती वाजता निघणार ते नातेवाइकांकडून पक्कं करून त्याला कळवा. चमकी, रिबन, पारदर्शक कागद काहीही नको म्हणून स्पष्ट सांगा. बौद्ध कुटुंबांत पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेसाठी पांढरी फुलं पाठवणं शोभतं. शेवंती किंवा निशिगंध चांगला. मुस्लिम कुटुंबासाठी काय चालेल ते घरच्यांनाच विचारून करा. दर्ग्यासाठी फुलांची चादर हवी असेल तर नागपुरात ताजबागेजवळचे विक्रेते ती करून देतात. वेळ निघून गेली असेल तर फुलांचा हट्ट सोडून तेरवीच्या दिवशी फोटोसाठी हार पाठवा.

रुग्णालयात पाठवण्याआधी तिथे फुलं आत नेऊ देतात का ते विचारा. अतिदक्षता विभागात नेऊ देत नाहीत. उग्र वासाचा निशिगंध आणि लिली आजारी माणसाला त्रासदायक ठरतात.

पोचल्यावर

फुलं हातात पडल्याचा फोटो मागा आणि वेळ पाहा. तक्रार असेल तर त्याच तासात, फोटोसह करा. दुसऱ्या दिवशी सुकलेल्या फुलांवरून काहीच ठरवता येत नाही. ठरलेली वेळ उलटून बराच वेळ झाला तरी फोटो आला नाही तर दुकानाला नाही, आधी घरच्या दुसऱ्या क्रमांकावर फोन करा. बऱ्याचदा फुलं शेजारी ठेवलेली असतात.

घरच्यांना तीन गोष्टी सांगा. बांधलेला कागद आणि कापूस काढून देठ इंचभर तिरके कापायचे आणि पाण्यात ठेवायचे. पाणी रोज बदलायचं. कूलरसमोर आणि फळांच्या टोपलीजवळ ठेवायचं नाही.

गुलाबांनी माना टाकल्या असतील तर लगेच फेकू नका. देठ कोमट पाण्यात धरून दीड इंच कापा, फुलांसकट पूर्ण जुडी वर्तमानपत्रात घट्ट सरळ गुंडाळा आणि गळ्यापर्यंत कोमट पाण्याच्या बादलीत तासभर उभी ठेवा. देठ सडलेला नसेल तर बहुतेक फुलं पुन्हा सरळ होतात. जरबेऱ्यालाही कागदात गुंडाळून सरळ उभं करता येतं, पण पाणी कमीच ठेवा. आणि बुके बांधणारा हारवाला चांगला निघाला तर त्याचा क्रमांक गावाच्या नावासकट जपून ठेवा. पुढच्या वेळी सकाळचा एक तास वाचेल.